अनंताची जाडी : ०.१५ मिलिमीटर

मोर्शी-वरुडकडचं एक मध्यम संत्रं घ्या. फार मोठं नको, चिल्लरही नको. आरशासमोर उभं राहून ते नाकाच्या शेंड्यावर धरा. त्याची डावी कड एका बुबुळाखाली येईल, उजवी कड दुसऱ्या बुबुळाखाली. माणसाच्या दोन बुबुळांतलं अंतर सरासरी ६५ मिलिमीटरच्या आसपास असतं आणि वऱ्हाडातलं बेताचं संत्रंही तेवढंच भरतं. थ्री-डी सिनेमाचं सगळं भांडवल म्हणजे हे एक संत्रं. त्यापुढचे आकडे मात्र डोकं गरगरवणारे आहेत.

६५ मिलिमीटर

दोन डोळे दोन जागी आहेत, म्हणून त्यांना दिसणारी चित्रंही दोन. एक डोळा मिटून बोट धरा, मग डोळा बदला. बोट जागचं हलल्यासारखं वाटतं. या हलण्यावरूनच मेंदू वस्तूचं अंतर काढतो. हे पहिल्यांदा नीट मांडलं ते इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टोननं, १८३८ साली. त्यानं दोन आरशांचं एक साधं यंत्र केलं, डाव्या डोळ्याला डावं चित्र आणि उजव्याला उजवं दाखवलं, आणि कागदावरच्या सपाट रेघांना एकदम खोली आली. तेव्हा फोटोग्राफी अजून जगासमोर आलेलीही नव्हती.

फोटो आला तसे दोन भिंगांचे कॅमेरे आले, आणि साडेतीन इंच रुंद, सात इंच लांब पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेल्या जोडचित्रांचा धंदा जगभर फोफावला. जेम्स रिकाल्टन नावाचा अमेरिकन फोटोग्राफर असाच कॅमेरा घेऊन हिंदुस्थानभर फिरला. त्याच्या १०० जोडचित्रांचा प्रवास १९०७ साली अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीनं पुस्तकासह विकायला काढला. अमेरिकेतल्या दिवाणखान्यात बसून लोक मुंबई बघत होते, आणि तीही सपाट नाही, आत शिरता येईल अशी.

पुठ्ठ्यावरचं चित्र हलत नाही, म्हणून तिथं काम सोपं होतं. चित्र पळायला लागलं की हिशेब सुरू होतो.

४.९४ किलोमीटर

३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे दीड फूट. मिनिटाला ९० फूट. तीन तासांच्या हिंदी सिनेमाला १६,२०० फूट फिल्म लागते. मीटरमध्ये ४,९३८, म्हणजे पाच किलोमीटरला थोडी कमी. हजार फुटांचं रीळ धरलं तर सोळा रिळं आणि वर थोडं शेपूट. फिल्मची जाडी, रुंदी आणि घनता गुणून पाहिली तर नुसत्या पट्टीचंच वजन ३३-३४ किलो भरतं. पत्र्याचे डबे आणि पेटी वेगळी.

या पेट्यांशी अमरावतीचं जुनं नातं आहे. सिनेमाच्या धंद्यानं देशाचे जे तुकडे पाडले, त्यातल्या आपल्या तुकड्याचं नाव ‘सी.पी. बेरार’. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, १९६० साली महाराष्ट्रात आलं, ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हे नाव इतिहासाच्या पुस्तकात गेलं. पण सिनेमावाल्यांच्या वह्यांत इंग्रजांचा नकाशा तसाच राहिला. या तुकड्याचं एक ठाणं अमरावती होतं. वितरकांच्या कचेऱ्या इथं, आणि इथूनच पेट्या गावोगावच्या टॉकीजला जायच्या. चित्रा चौक, श्याम चौक, प्रभात चौक असे टॉकीजच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या गावाला सिनेमाचं वेड होतं हे वेगळं सांगायला नको.

आता ही पट्टी रस्त्यावर अंथरू. दिवसाला चार खेळ, आठवड्याला २८. प्रोजेक्टरमधून आठवड्यात १३८ किलोमीटर फिल्म सरकते. सिनेमा पंचवीस आठवडे चालला तर ३,४५७ किलोमीटर.

जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं अमरावती-अकोला मार्गावर सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम केला होता. तासाला साधारण ७१० मीटर. प्रोजेक्टरमधून फिल्म जाते तासाला १,६४६ मीटर. म्हणजे अंधाऱ्या केबिनमध्ये एकटा ऑपरेटर या जागतिक विक्रमाच्या दुपटीहून जास्त वेगानं रस्ता टाकत होता, तोही रोज बारा तास. ७५ किलोमीटर संपवायला त्याला चार दिवसही लागत नव्हते, आणि त्याचा सत्कार कोणी केला नाही.

२०,७३,६००

प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं असतात, एकूण आठ. तीन तासांच्या सिनेमात २,५९,२०० चित्रं. म्हणजे भोकं झाली २० लाख ७३ हजार ६००. शेतकऱ्याला शेंगा मोजायला सांगाव्यात असा हा आकडा आहे. पण ही भोकं शोभेची नाहीत. दात्यांच्या चाकाचे दाते त्यांत अडकतात आणि फिल्म पुढे ओढतात.

ओढतात म्हणजे काय करतात? फिल्म गेटमधून वाहत नाही, उड्या मारते. चित्र थांबलेलं असतानाच त्यातून उजेड जायला हवा, नाहीतर पडद्यावर नुसत्या रेघोट्या दिसतील. म्हणून फिल्म थांबते, झटक्यात १९ मिलिमीटर खाली येते, पुन्हा थांबते. सेकंदाला २४ वेळा. हा झटका देणाऱ्या चार खाचांच्या चाकाला माल्टीज क्रॉस म्हणतात. त्याला फिरवणारा दांडा मिनिटाला १,४४० फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्याच्या पाव भागात चित्र सरकवतो, म्हणजे एक सेकंदाच्या ९६व्या भागात. एवढ्यात स्थिर फिल्मनं वेग घ्यायचा आणि पुन्हा स्थिर व्हायचं. गणित मांडलं तर तिला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ७० पट येतो. लढाऊ विमानाचा वैमानिक ९ पटीत घायकुतीला येतो. इथं फिल्मला एका खेळात २ लाख ५९ हजार वेळा ७० पट, आणि पंचवीस आठवड्यांत १८ कोटी वेळा.

चित्र सरकत असताना पंख्यासारखी पाती उजेड अडवतात, आणि चित्र थांबलेलं असतानाही एकदा मध्येच अडवतात, म्हणजे लुकलुक जाणवत नाही. एका खेळात ५,१८,४०० वेळा उजेड आणि तेवढ्याच वेळा अंधार. तीन तासांतला जवळपास दीड तास प्रेक्षक काळोखात बसलेला असतो, आणि त्याचं तिकीट पूर्ण घेतलेलं असतं.

४३६ पट

आता भिंगाकडे येऊ. गेटमधली चौकट सुमारे २१ मिलिमीटर रुंद असते; अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. समोरचा पडदा तीस फुटांचा धरू, म्हणजे ९,१४४ मिलिमीटर. भिंगानं चित्र ४३६ पट वाढवायचं. क्षेत्रफळात मोजलं तर १ लाख ९० हजार पट.

हे भिंग किती मोठं? केबिन पडद्यापासून शंभर फुटांवर असेल तर सुमारे ७० मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग लागतं. पुन्हा आपलं संत्रंच. हातात मावणारी पितळी नळी, आणि तिच्यातून हत्ती, घोडे, नायिका, पाऊस असं सगळं बाहेर पडतं.

पण भिंगाला चांगलं-वाईट कळत नाही. ते सगळंच ४३६ पट करतं. दहाव्या हिश्शाच्या मिलिमीटरचा धुळीचा कण पडद्यावर ४.४ सेंटीमीटरचा धोंडा होतो. फिल्म गेटमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं थरथरली तर पडद्यावर नायक सव्वाचार मिलिमीटरनं थरथरतो. साध्या सिनेमात हे खपून जातं. ‘रीळ जुनं झालं’ म्हणत लोक शेंगा सोलत राहतात. थ्री-डीत खपत नाही, कारण तिथं तेवढ्याच जागेत सगळी खोली ठेवलेली असते.

०.१५ मिलिमीटर

पडद्यावर एकाच वस्तूची दोन चित्रं पडतात, डाव्या डोळ्यासाठी एक, उजव्यासाठी एक. दोन्ही एकावर एक असली तर वस्तू पडद्यावरच दिसते. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे सरकलं तर वस्तू पडद्यामागे जाते. हे अंतर ६५ मिलिमीटर झालं की दोन डोळ्यांच्या नजरा समांतर होतात. समांतर रेषा कुठं मिळतात? कुठंच नाही. म्हणजे वस्तू अनंतावर गेली. क्षितिज, ढग, चंद्र, सगळे तिथं.

पडद्यावरच्या ६५ मिलिमीटरला ४३६ नं भागा. फिल्मवर हे अंतर येतं ०.१५ मिलिमीटर. आता फिल्मची पट्टी कडेनं धरून पाहा. तिची जाडीही साधारण ०.१५ मिलिमीटरच असते. पडद्यापासून अनंतापर्यंतचं सगळं अंतर त्या पट्टीच्या जाडीत संपतं.

याहून गंमत पुढेच आहे. तीच पेटी पंचेचाळीस फुटांच्या पडद्यावर लावली तर क्षितिजाची दोन चित्रं पावणेदहा सेंटीमीटर दूर पडतात. ती जुळवायला प्रेक्षकाचे डोळे एकमेकांपासून बाहेरच्या बाजूला वळायला हवेत, आणि माणसाला ते जमत नाही. डोकं मात्र दुखतं. उलट समजा तीच पेटी चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी भरणाऱ्या बहिरमच्या यात्रेत तंबूतल्या सोळा फुटी कापडावर लावली. तर क्षितिजाची चित्रं फक्त ३५ मिलिमीटर दूर पडतील. पडद्यापासून दहा मीटरवर मांडी घालून बसलेल्याला अनंत दिसेल २१-२२ मीटरवर, म्हणजे तंबूच्या मागं बांधलेल्या बैलांपाशी. प्रिंट तीच, डोंगर तोच. पडदा बदलला आणि हिमालय यात्रेत आला.

मागं जाणं स्वस्त आहे, पुढे येणं महाग. वस्तू पडद्यातून निघून सभागृहाच्या निम्म्यापर्यंत आणायची तर दोन चित्रं उलट दिशेनं आणखी ६५ मिलिमीटर सरकवावी लागतात. फिल्मवर पुन्हा ०.१५. पण वीस मीटरवर बसलेल्या माणसाच्या नाकापासून अर्ध्या मीटरवर संत्रं आणून धरायचं असेल तर पडद्यावर दोन संत्र्यांत अडीच मीटर अंतर हवं, फिल्मवर ५.८ मिलिमीटर. चंद्र दाखवायला लागलं त्याच्या जवळपास ३९ पट.

चारांतली दोन

सुरुवातीच्या थ्री-डी सिनेमाला दोन कॅमेरे आणि दोन प्रोजेक्टर लागत. त्या काळचे सिनेमा-कॅमेरे एवढे रुंद की दोन शेजारी ठेवले तर भिंगांतलं अंतर संत्र्याचं न राहता टरबुजांचं व्हायचं. म्हणून १९५२ च्या ‘ब्वाना डेव्हिल’साठी दोन कॅमेरे समोरासमोर ठेवून मधल्या आरशांतून चित्रण केलं. दाखवताना दोन प्रोजेक्टर पावलाला पाऊल लावून चालले पाहिजेत. एकाचं एक चित्र जरी पुढं-मागं झालं, म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग चुकला, तर तेवढ्यात सेकंदाला दहा मीटर पळणारा घोडा ४२ सेंटीमीटर पुढं गेलेला असतो. डाव्या डोळ्याला एक घोडा, उजव्याला भलताच.

मग युक्ती निघाली : एकाच फिल्मवर, चार भोकांच्या एका चौकटीत, वर एका डोळ्याचं आणि खाली दुसऱ्या डोळ्याचं चित्र. प्रत्येकाला दोन-दोन भोकांची जागा. कॅमेऱ्यावर जोडभिंग, प्रोजेक्टरवरही जोडभिंग. ते दोन्ही चित्रं एकावर एक आणतं आणि प्रत्येकाचा उजेड वेगळ्या दिशेनं ध्रुवित करतं. चष्म्याची काच आपल्या वाटणीचा उजेड तेवढा आत घेते. भारतातला पहिला थ्री-डी सिनेमा, जिजो पुन्नूस यांचा मल्याळम ‘माय डिअर कुट्टीचाथन’, याच पद्धतीनं १९८४ साली आला. पुढच्याच वर्षी हिंदीत ‘शिवा का इन्साफ’ आला, आणि कुट्टीचाथन १९९८ साली ‘छोटा चेतन’ होऊन हिंदीत आला. मराठीला २०१३ पर्यंत थांबावं लागलं, महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला २’ साठी.

या युक्तीत ऑपरेटरचा जीव टांगणीला होता. फिल्म तुटली की तो तुकडा कापून जोड मारायचा, हे रोजचं काम. पण जोड दोन भोकांनी चुकला तर वरचं चित्र खाली, खालचं वर. डाव्या डोळ्याला उजवं, उजव्याला डावं. फक्त साडेनऊ मिलिमीटरची चूक, आणि मागचा डोंगर पुढं येतो, पुढचा माणूस डोंगरामागं जातो. शिवाय एक चित्र दुसऱ्यापेक्षा फिल्मवर पाव मिलिमीटर जरी वर-खाली बसलं तर पडद्यावर ११ सेंटीमीटरचा फरक. आपल्याला एक डोळा वर आणि एक खाली असा वळवता येत नाही.

उजेडाचा हिशेब तर गरिबाच्या पगारासारखा आहे. दिव्यातून शंभर रुपयांचा उजेड निघाला असं समजा. दोन चित्रांत वाटला, पन्नास उरले. ध्रुवक काचेनं साधारण साठ टक्के गिळले, एकोणीस-वीस उरले. चष्म्यानं आपला वाटा घेतला. प्रत्येक डोळ्याच्या हातात पडले पंधरा. म्हणून थ्री-डीसाठी पडद्याला ॲल्युमिनियमचा चंदेरी मुलामा हवा. पांढरं कापड उजेड विखरून टाकतं आणि दोन्ही डोळ्यांची वाटणी पुन्हा एकत्र कालवतं.

३० कोटी किलोमीटर

संत्र्याची ताकद किती दूरवर चालते? दोन डोळ्यांच्या जोडीला अंदाजे २० विकलांचा (आर्क-सेकंदांचा), म्हणजे अगदी सूक्ष्म कोनाचा फरक कळतो असं धरलं, तर एक मीटरवर दीड मिलिमीटरचा उंचसखलपणा जाणवतो, दहा मीटरवर १५ सेंटीमीटरचा, शंभर मीटरवर १५ मीटरचा. सुमारे ६७० मीटरनंतर काहीच नाही. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभं राहून तुम्ही समोरच्या डोंगरांची खोली ‘बघता’ ती डोळ्यांच्या जोडीनं नव्हे. धुकं, सावली आणि अनुभव यांच्या जोरावर. तीन किलोमीटरवरच्या डोंगराला फोटोत उठाव आणायचा तर जुन्या स्टीरिओ फोटोग्राफरांचा ठोकताळा सांगतो : अंतराच्या तिसाव्या भागाएवढे दोन कॅमेरे दूर ठेवा. म्हणजे शंभर मीटर. त्या फोटोत चिखलदरा दिसेल तो दोन बुबुळांत शंभर मीटर अंतर असलेल्या राक्षसाला दिसावा तसा.

हा राक्षसी डोळा वऱ्हाडावरून एकदा फिरून गेलेला आहे. १८०२ साली मद्रासेत विल्यम लॅम्बटननं सुरू केलेली भूमापनाची त्रिकोणांची साखळी ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत होती. १८२३ साली लॅम्बटन वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला, आणि ती साखळी जॉर्ज एव्हरेस्टनं वऱ्हाडातून पुढं नेली. दोन ठिकाणांहून एकाच खुणेकडे बघायचं, कोन मोजायचा, अंतर काढायचं. पद्धत आपल्या डोळ्यांचीच. फक्त बुबुळं कित्येक किलोमीटर दूर.

आणि व्हीटस्टोननं आरसे मांडले त्याच १८३८ साली जर्मनीच्या बेसेलनं एका ताऱ्याचं अंतर मोजलं. त्याचा डावा डोळा आजची पृथ्वी होती, उजवा डोळा सहा महिन्यांनंतरची. मधलं अंतर ३० कोटी किलोमीटर, म्हणजे चार लाख साठ हजार कोटी संत्री ओळीत. एवढं करूनही ‘६१ सिग्नी’ हा तारा एका विकलेच्या जेमतेम दोन-तृतीयांशच हलला.

१५ ठिपके

आता पेटी येत नाही. चौतीस किलोच्या जागी मुठीत मावणारी डिस्क येते, किंवा तीही न येता सिनेमा हवेतून उतरतो. भोकं नाहीत, झटके नाहीत, जोड नाहीत. पडद्यावर साधारणपणे आडवे २,०४८ ठिपके असतात. तीस फुटी पडद्यावर एकेक ठिपका साडेचार मिलिमीटरचा. त्यात अनंत बसवायचं तर ठिपके लागतात पंधराच्या आत. फिल्म गेली, जोडभिंगं भंगारात गेली, आणि हिशेबातला ६५ मिलिमीटरचा आकडा मात्र जागेवर आहे.

१९५३ साली ‘हाऊस ऑफ वॅक्स’ हा गाजलेला थ्री-डी सिनेमा आंद्रे द तॉथ या दिग्दर्शकानं केला. त्याला एकाच डोळ्यानं दिसत होतं. हॉलभर लोक ज्याला दचकून मागं सरले ते त्याला स्वतःला कधीच दिसलं नाही. त्यानं ते हिशेबानं रचलं. आपल्याकडच्या केबिनमध्येही तेच होतं. दोन्ही डोळे शाबूत असलेला ऑपरेटर चौकोनी झरोक्यातून बिनचष्म्यानं पडद्याकडे बघायचा. त्याला दिसायची एकमेकांवर सांडलेली दोन धूसर चित्रं. पण कडा किती फाकल्या आहेत हे बघून त्याला कळायचं की खाली बसलेल्या सहाशे लोकांसाठी चंद्र नेमका कुठं आहे.